त्या दोन ओळी

नाही नाही, तसं लिहू नका — ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आधी खोडा. माझ्या हाताखालची ती प्रोग्रामर आणि निष्काळजी? अहो, ऑफिसात सगळे तिला पहारेकरीण म्हणतात, माहितीये? का म्हणतात? कारण ती कुणालाही सहजासहजी आत सोडत नाही. बसा, ती खुर्ची जरा डुगडुगते, दुसरी घ्या — हां. आता तुम्ही चौकशीला आलात म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. चौथ्यांदा सांगतोय, घसा बसलाय माझा.

सलाईनचा पंप. त्यावर छोटा पडदा, आत औषध ढकलणारी मोटर. दोघांना मेमरीत शेजारीशेजारी जागा दिलेली, मध्ये भिंत नाही. पडद्याचा प्रोग्राम बाहेरच्या लोकांनी लिहिलेला — तो येऊन म्हणतो, मला माझी जागा उघडून द्या. ती उघडून देणारा ड्रायव्हर, म्हणजे मधला दारवान प्रोग्राम, आमचा. द्यायची, पण मोजून! भाडेकरूला एक खोली दिली म्हणून शेजारच्या खोलीची किल्ली देतो का आपण? नाही देत. म्हणून तिनं त्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये दोन ओळी घातल्या होत्या — मागितलेली जागा पडद्याच्या जागेपेक्षा मोठी असेल तर सरळ नकार. दोनच ओळी. आणि त्या बाहेरच्यांनी मागितली दुप्पट! का? आळस, दुसरं काय. नकार मिळाला, पडदा काळा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बडे लोक बघायला येणार.

हो, ओळी तिनंच काढल्या. नोंदीत तिचंच नाव आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण काढ म्हणून सांगितलं कुणी — ती तासभर भांडली हो माझ्याशी. म्हणाली, सर, हा शेजाऱ्याच्या घरात शिरेल. मी म्हटलं, बाई, उद्याचा दिवस निभावू दे, सोमवारी परत घालू. सत्तावीस वर्षं झाली मला या धंद्यात, असे सोमवार किती पाहिले! तोंडी सांगितलं, कागदावर काही नाही. कागदावर आम्ही नेहमीच स्वच्छ असतो.

तो दिवस निभावला. पुढे हॉस्पिटलात एका नर्सनं पडद्यावरची भाषा बदलली, बस. भाषा बदलताना तो प्रोग्राम हाती आलेली सगळी जागा पुसतो — पडद्याचीही, मोटरचीही. पंप गप्प. पडद्यावर मात्र सगळं ठीक! नर्सचं लक्ष गेलं, तिनं हातानं औषध दिलं, म्हणून त्या पंपावरचा म्हातारा पेशंट वाचला. आमची पुण्याई नाही ती, तिची.

सोमवारी काय झालं? तेच तर — शनिवारीच ती बाळंतपणाला गेली. मुलगी झाली. मंगळवारी प्रसूतिगृहातून तिचा फोन, आवाज खोल गेलेला, आणि विचारते काय — सर, त्या दोन ओळी घातल्यात ना? मी थकलो होतो हो, समोर तीनशे कामं... घातल्या म्हणालो. तिनं माझे आभार मानले.

लिहिताय ना? थांबलात का? लिहा, तिच्या नावावर काट मारून माझं लिहा. हे आधीच्या तिघांना नाही सांगितलं मी. तिला अजून कळत नाहीये, ओळी घालूनही पंप कसा थांबला — रोज घरी स्वतःजवळची कोडची जुनी प्रत वाचत बसते म्हणे, मांडीवर पोर घेऊन, स्वतःची चूक शोधत.

उठा आता. दार लावून घ्या जाताना. तुमचा कागद पोहोचायच्या आधी मला तिला फोन करायचाय.