वरोऱ्याची पेडल गिटार

माहा जलम माजरीचा, भाऊ. बाप कोळशाच्या खदानीत होता, खाली उतरनारा नाई, वर वर्कशॉपात, अन् आमी क्वार्टरमंदी राहो, पांढरं धुनं वाळत घातलं का संध्याकाळी काळं होऊन घरात ये, असं आमचं बालपन. बाजूच्या क्वार्टरमंदी एक बंगाली बाई होती, तिले सारे दीदी म्हनत, तिचा मालक हापिसात होता, अन् त्या दीदीपाशी एक गिटार होती. उभी धरून वाजवाची नाई, मांडीवर आडवी ठेवाची, एका हाताच्या बोटाइत नख्या घालाच्या अन् दुसऱ्या हातात लोखंडाची गुळगुळीत दांडी धरून तारेवरून घसरत न्याची, हवाईन गिटार म्हनत तिले. ते ऐकाले मी भिंतीपाशी कान लावून बसून राहो. मंग दीदीनंच एक दिवस आवाज देला, म्हने भिंतीले कान लावून काय ऐकते, आत येऊन ऐक.

माही माय म्हने मुसलमानाची पोट्टी हाय, गिटार शिकून काय करन. अन् बाप काय म्हने, अवो हे तं बसून वाजवाचं काम हाय, डोक्यावरची ओढनी हालत नाई, यात काय बिघडलं. रेडिओवर बातम्याच्या आंधी हेच वाजे ना, त्याले भल्ली हौस. तं अशी मी शिकली. पुढं दीदीच्या मालकाची बदली झाली, जाता जाता तिनं ते गिटार मलेच देऊन टाकली, अन् मी रडली तं मले म्हने रडते काऊन, रडाचं काम आता इनं कराचं. दीदी कुठी असन आता कोन जाने, जिथी असन तिथी अल्ला तिले सुखात ठेवो.

लगीन होऊन वरोऱ्याले आली. हे आमचे युसूफ मिस्त्री, शिलाई मशीन दुरुस्त करतात, सारं गाव त्याइले मिस्त्री म्हनते तं मीही मिस्त्रीच म्हनते. मानूस कसा, तं मशीन बिघडली का त्याइचा जीव खूश. कोनाच्या घरी पंखा कुरकुरला तं न बोलावता जाऊन उभे. कापसाच्या दिवसात गाड्याइच्या गाड्या उभ्या राह्यतात बाजारात, अन् हे त्या गर्दीत एखाद्या टेलरची मशीन डोक्यावर घेऊन चाललेले. लग्नाच्या वक्ती माह्या सामानात गिटार पाहून सासरचे लोक एकमेकाइच्या तोंडाकडं पाहाले लागले, अन् मिस्त्रीनं काय केलं, तारा मोजल्या, खुंट्या फिरवून पाहिल्या, म्हने एक खुंटी ढिली हाय, तेल लागन. झालं. तेवढ्यावर माहं वाजवनं सासरी मंजूर झालं.

आता आमच्या झाडीत, या जंगलाकडच्या झाडीपट्टीत, दिवाळीपासून नाटकाचा हंगाम लागते, तुमाले तं मालूमच हाय. गावात बैलाइच्या शर्यतीचा शंकरपट असला का नाटक पायजेच, अन् नाटक असलं का रडाचा सीन पायजेच, त्याशिवाय बाया घरी जात नाई. वडशाच्या एका नाटक कंपनीनं मले बोलावलं, मिस्त्री म्हने जाऊ, दुकान बंद ठेवून माह्यासंगं येत, हंगामभर गावागावानं फिरो आमी. तिथी आर्गनवाला मास्तर होता, त्यानं एक दिवस चहा पिता पिता गोष्ट काढली, म्हने नागपुरात मी एका ऑर्केस्ट्रात अशी गिटार पाहिली का तिले खाली पेडल राह्यते, पायानं दाबलं का एकच तार चढते, बाकीच्या जागच्या जागी, अन् आवाज असा मुरडत येते का पानी होते मानसाचं, पन ते फॉरेनची वस्तू हाय, आपल्या इकडं कुठी. मिस्त्रीनं कप खाली ठेवला. म्हने पायानं चालनारी वस्तू ना, तं मंग तो माहाच धंदा हाय.

झालं बाप्पा. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरी गोष्टच नाई. शिलाई मशीनचं जुनं लोखंडी स्टँड घेतलं, पायदानासकट, त्याचे दोन पेडल केले, वरून जुन्या पलंगाची सागवानी फळी बसवली, सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या खालून वर, अन् दीदीच्या गिटारीच्या खुंट्या काढून त्यावर चढवल्या. मी त्या दिवशी जेवली नाई. दीदीची गिटार उघडी पडली ना समोर. मिस्त्री म्हने रशिदा, आवाज मरत नाई, घर बदलते. मानसाले बोलता तं चांगलं येते.

कंपनीत नेली तं सारे हासले. कोनी म्हने ब्लाऊज शिवून देता का बाई, कोनी म्हने काजं-बटन कितीत करता. मंग रडाच्या सीनले मी पेडल दाबला. हिरोईन लेकराले सोडून चालली, अन् ते तार हळूच वर चढली, अन् समोर बायाइनं पदर तोंडाले लावले, आमचा तबलेवाला सोता डोळे पुसून राह्यला. त्या दिवसापासून हासनं बंद. वरोऱ्याची पेडल, वरोऱ्याची पेडल, असं नाव झालं. फॉरेनच्या मालाले मागं टाकते म्हनत, फॉरेनचा माल कोनं पाहिला होता. मिस्त्रीले ऑर्डरी येऊ लागल्या, राजुऱ्याहून, तिकडं तेलंगनाच्या लायनीतून. रात म्हनू नका दिवस म्हनू नका, मानूस नुसता फुलून गेला होता.

पन काय सांगू तुमाले, त्या गिटारीत एक गोष्ट होती. पेडल दाबला का एक तार चढे हे खरं, पन बाकीच्या तारा जागेवर राहत नव्हत्या, बारीकशा उतरत, केसभर. कान असन तं कळते, नाई तं नाई. मले पहिल्याच दिवशी कळलं, अन् माह्या हातानं मले न विचारताच दांडी केसभर पुढं सरकवली. बस, बरोबर. मले वाटलं हा तिचा सभाव असन. एखादी मशीन जाड कापडावर टाका सोडते, टेलरले ते मालूम राह्यते, तो हातानं सावरून घेते, तसं. सवयच पडली मंग, मले ध्यानातही राह्यलं नाई का मी काई करून राह्यली.

ध्यानात आलं ते राजुऱ्याच्या मानसामुळं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवे, बिचारा गिटार घेऊन आला, म्हने मिस्त्री, इचा सूर जमत नाई. मिस्त्री म्हने नाचता येईना अंगन वाकडं, अन् मले आतून बोलावलं, म्हने याले वाजवून दाखव. मी त्याच्याच गिटारीवर वाजवलं, भल्लं गोड वाजलं. दुकानातले लोक त्या मानसाकडं पाहाले लागले. त्यानं खाली मान घालून गिटार बांधली अन् गेला. मंग काई दिवसानं कळलं का त्यानं वाजवनंच सोडलं, म्हने माहा कानच खोटा हाय. कान त्याचा खरा होता, भाऊ. खोटं जे होतं ते माह्या हाताखाली लपलेलं होतं.

मिस्त्रीले सांगाले पायजे होतं, पन कसं सांगाचं. त्याइची ते सारी हयातीची हौस. कोनी पाव्हना आला का पयले गिटार दाखवत, मंग पानी विचारत.

तं मंग सिरोंच्याकडून एक मास्तर आला. सॅम्युअल मास्तर, शाळेत शिकवे अन् तिकडं त्याइच्या चर्चमंदी वाजवे. एवढं दूर, येस्टीच्या टपावर गिटार टाकून आला. तेलुगू मानूस, मराठी थांबून थांबून बोले, मले अक्का म्हने. म्हने अक्का, पेडल दाबते तं बाकीचे तारे उतरते, लोक प्रार्थनेत गाऊन राह्यतात अन् माह्यामुळं बेसूर होतात, मी आता चर्चमंदी वाजवत नाई, दुसऱ्या कोनाले बसवतो म्हनलं, पन त्याच्या आंधी एकदा मिस्त्रीले विचारून पाहू. राग नाई, तक्रार नाई, मानूस सोतालेच दोष देऊन राह्यला होता.

दुपारची वेळ. दुकानात दोघं-तिघं टेलर बसले होते, चहा आला होता. मिस्त्रीनं तेच केलं, मले आवाज देला, म्हने मास्तर, आता कान उघडून ऐका. मी बसली. समोर तो मास्तर, हात जोडल्यासारखा. बाजूले माहा नवरा, त्याइच्या तोंडावर असं काई हासू का नवरदेवाच्या तोंडावर राह्यते. दांडी केसभर सरकवली तं मिस्त्रीचं नाव राह्यते अन् हा मास्तर घरी जाऊन गिटार कायमची बांधून ठेवते. नाई सरकवली तं चार लोकाइत माह्या नवऱ्याचं नाव जाते. मी बिस्मिल्ला म्हनलं अन् हात जागेवर धरला. हात हालवनं सोपं राह्यते भाऊ, धरून ठेवनं कठीन. पेडल दाबला. सूर पडला.

मिस्त्री म्हने काय झालं, हात घसरला का, पुन्हा वाजव. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा पडला. टेलर लोकाइनं चहाचे कप तोंडापाशीच धरले. मंग मिस्त्री गिटारीकडं पाहत नव्हते, माह्या हाताकडं पाहत होते. मंग मास्तरले म्हनले, चहा घ्या मास्तर, थंडा होते. अन् सोता दोऱ्याची रीळ घेतली, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताठ बांधला, मले म्हने दाब. मी दाबलं. दोरा ढिला पडला. म्हने सोड. सोडलं, दोरा ताठ. म्हने लाकूड वाकते, रशिदा. पेडल दाबला का फळीच वाकते.

मास्तरले त्याइनं रातच्याले जेवाले घरीच ठेवून घेतलं. मंग चुलीपाशी आले, म्हने कवापासून. मी म्हनलं पहिल्या दिवसापासून. म्हने अन् तू हातानं सावरत होती. मी म्हनलं हो. तं म्हने तू मले फुकटच्या नावाचा धनी केलं. मलेही राग आला, मी म्हनलं तुमचं ते तोंड पाहून कोनाची हिंमत होईन, तुमाले तुमचं तोंड कुठी दिसते. त्यावर ते हळूच म्हने, भात करपून राह्यला. तेवढ्यावर आमचं भांडन मिटलं. आमचे भांडनं असेच मिटतात.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या ग्रिलचा लोखंडी अँगल आनला, फळीच्या खालून बोल्टानं कसला, दोरा बांधून पाहिला, दोरा हालला नाई. मास्तर बसला वाजवाले. त्याइच्या प्रार्थनेचं गानं होतं, बोल मले समजले नाई, पन एक सूर इकडचा तिकडं नाई, अन् आमचे मिस्त्री दुकानाच्या पायरीवर बसून लेकरासारखे रडत होते. मंग डोळे पुसून मले म्हने आता तू वाजव. मी बसली, भल्ल्या खुशीनं पेडल दाबला, अन् सूर वर निसटला. हात सरकला ना आपल्या सवयीनं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. सारी झाडी जिच्यावर रडली ते बाई चांगल्या गिटारीवर बेसूर. मास्तरनं तोंड फिरवून घेतलं, भला मानूस, पन मिस्त्री एवढे हासले का ठसका लागला.

मंग ते सोता राजुऱ्याले गेले, पिशवीत अँगल अन् बोल्ट घेऊन. त्या मानसानं गिटारीवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. मिस्त्री त्याले म्हने तुहा कान खरा होता, मी तुले चार लोकाइत खाली पाहाले लावलं, आता मले माफ कर अन् हे वाजवून पाह्य. तो पुन्हा लग्नाइत वाजवाले लागला. ज्याच्या ज्याच्या घरी गिटार गेली होती त्याच्या त्याच्या घरी हे गेले, अन् म्हनत चूक माही होती. लोकाइले वाटलं आता मिस्त्रीचं नाव गेलं. गेलं नाई. उलट लोक म्हनत, मानूस सोता येऊन दुरुस्त करून देते.

माही तेवढी तशीच हाय, अँगल न लावलेली. दर ईदले म्हनतात लावून देतो, मी म्हनते राहू द्या, या वयात हाताले नवीन काय शिकवू. आता गुडघ्यामुळं हंगामालेही जात नाई. घरी वाजवते, हे ऐकतात, अन् मदात मदात मुद्दाम विचारतात, आता सरकवला का हात. मी म्हनते तुमचे कान कायले हायेत.

परवा भद्रावतीले एका लग्नात गेलो होतो आमी, दुपारचं लगीन, जेवाले बसलो, अन् तिकडं ऑर्केस्ट्रा वाजाले लागला. पेडल गिटार होती. आमचीच. वाजवनारा पोट्टा आमाले ओळखत नाई, आमी त्याले ओळखत नाई. बाजूच्या पंगतीतला एक मानूस दुसऱ्याले म्हने ऐक, वरोऱ्याचा माल हाय, आवाज पाह्य कसा शुद्ध. मिस्त्री जेवता जेवता थांबले. त्याइले आता कमी ऐकू येते, मले म्हने काय म्हनला तो, पुन्हा सांग. मी सांगतलं. पुन्हा म्हने, अजून एकदा सांग. मी अजून एकदा सांगतलं. अन् तिकडं त्या पोट्ट्यानं पेडल दाबला, तार चढली, बाकीच्या जागच्या जागी, अन् माहा हात माह्या मांडीवर नुसता पडून होता, भाऊ, त्याले काईच कराची गरज नव्हती.