शवासनातून उठताना

शवासनात झोप लागते म्हणतात. आमची अडचण वेगळी होती. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या योगवर्गात मी आणि माझा कारखान्यातला जुना सोबती मोरे एकत्र जायचो. एकदा तास संपला, बाकीचे उठून गेले, आम्ही दोघं सतरंजीवर पडूनच.

मी हळूच विचारलं, "मोरे, उठत का नाहीस?"

"आधी तू ऊठ. तू गेलास की मी सावकाश कुशीवर वळेन."

"मीही त्याचीच वाट बघतोय रे."

तेवढ्यात बायकांची बॅच आली. आम्ही पटकन डोळे मिटले. मॅडम त्यांना कौतुकाने म्हणाल्या, "बघा, काकांना कसलंही भान नाही. शवासन असं हवं."

त्या बॅचमध्ये मोरेची बायकोही होती. ती पुढे येऊन म्हणाली, "मॅडम, यांना रोज घरी मीच उठवते. तुम्ही तेवढा भाऊजींचा हात धरा."