घर बघायला गेलते

मी शिरूर कासार तालुक्यातली. आई-बाप दरसाल ऊसतोडीला जायचे, मी हॉस्टेलवर राहून शिकले, बीएस्सी नर्सिंग झाले, आमच्या अख्ख्या खानदानात पदवी घेतलेली पहिली मीच, हे मी कुणालाबी सांगते, लाजत न्हाई. आता एजन्सी धाडील तिथं जाते, चार महिने नाशिक, चार महिने सोलापूर, काम एकच, जळीत वॉर्ड. गावात म्हणतात, पोरगी गावोगाव फिरती, काय करती कुणास ठाऊक. काय करते सांगू का तुमाला? भाजलेल्या माणसाच्या पट्ट्या बदलते, आन् बाई भाजून आली की सोबतच्या लोकांना आधी चहाला धाडते. ते गेले की मंग बाईला इचारते, कसं झालं. लोक समोर असले की समद्या बाया येकच सांगतात, स्टोव्ह भडकला.

तर यंदा तेलगावकडचं स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगात सुपरवायझर, रान बागायती. आण्णा, म्हंजे माझे वडील, घर बघायला निघाले, मी म्हणलं, मीबी येते. आण्णा म्हणले, पोरगी सोता घर बघायला जाती का कुठं? मी म्हणलं, राहायचं मला हाय, तुमाला न्हाई.

गेलो. चहा घिऊन थोरली सून आली, म्हंजे माझी होणारी जाऊ. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं. ट्रे डाव्या हातावर, उजवा पदराखाली. पदर सरकला आन् मला दिसलं, कातडी आखडून बोटं आत वळलेली. आण्णा कापसाचा भाव इचारत बसले, मी उठून आत गेले, सासूबाईला म्हणलं, ताईंच्या हाताला काय झालं ओ? म्हणल्या, दूध उतू गेलं बाई, येंधळी हाय जरा. मुलगा ओसरीवर पाणी द्यायला आला, त्याला इचारलं, तर म्हणला, वहिनीचा हात ना, दिवाळीच्या तळणात तेल उडालं. आन् तिलाच इचारलं तर ती सासूकडं बघून म्हणली, चुलीत पडले. हात येक आन् गोष्टी तीन. दूध असो का तेल, उडालं तर शिंतोड्याचे डाग पडतात. हिचं भाजलेलं मनगटापर्यंत एकसारखं, हातमोजा घातल्यावानी. असं कुणी हात धरून उकळत्यात बुडवला तरच व्हतं.

येताना आण्णा लई भडकले, आपण रान बघाया गेलतो, तू हात बघून आलीस. संगं आलेला माझा भाऊ म्हणला, संशयी हाय बे ही, हिला समदं जग जळीत वॉर्ड दिसतं. दिसतं. काय करू.

मुलाचा फोन आला, होकार हाय का? मी म्हणलं, आधी वहिनीला सोलापूरला माझ्या वॉर्डात आणा, ऑपरेशननं बोटं मोकळी होतात, मंग लग्नाचं बोलू. मला वाटलं फोन ठेवील. पण आणलं की त्यानं! लई गोड वागला, नारळपाणी काय, बिस्किटं काय, बाकीच्या सिस्टर म्हणल्या, अगं येवढा चांगला हाय, कावून अडून बसलीस? मी मनात म्हणलं, येवढा चांगला हाय तर इतकी वर्षं त्याला हिचा हात दिसला न्हाई का?

टाके निघाले त्या दिशी त्याला चहाला धाडलं. तिच्यापाशी बसले, म्हणलं, ताई, आता दोघीच हाओत, हात कसा भाजला? ती बोटं उघडझाप करत राहिली, करत राहिली. मंग म्हणली, ते सोड. तू ये आमच्या घरात. तू शिकलेली हायस, नर्स हायस, तुला घाबरतील. मला सोबत व्हईल.

काय सांगू तुमाला, घर चांगलं हाय म्हणली असती तर मी गेलेबी असते. मी म्हणलं, पोलिसांना बोलवू का, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठिवला. म्हणली, लेकरं तिथंच हायेत माझी.

मी नकार कळवला. आता तो गावभर सांगतो, माझ्याकडून वहिनीचं ऑपरेशन करून घेतलं आन् शब्दावरून फिरली. सांगू दे. दर आयतवारी मी तिला फोन लावते. सासू उचलती, म्हणती, झोपली हाय. मी म्हणते, उठवा, मी थांबते. तिचा आवाज आयकल्याबिगर ठेवत न्हाई. त्या घरात मी गेले न्हाई, पण बाहेर कुणीतरी इचारणारं हाय, येवढं त्यांना कळत राहिलं पायजे. देव करो आन् माझा संशय खोटा निघो.