झेपेल तेवढं व्रत

हॅलो?… हॅलो, किंजल? बोल बाळा… हो, हो, माईकाकूच. अगं, पोथी मिटल्याशिवाय फोन उचलत नाही मी, माहीत आहे ना तुला… आज तर तुझी आजी, जाऊन इतकी वर्षं झाली तरी, सकाळपासून कानाशी बसली होती. ‘सूनबाई, व्रत झेपेल तेवढंच धर.’ तोच आवाज, तेच दटावणं… सांगते, सांगते.

मिळाला! हो, मिळाला हॉल!… हळू गं, कान फुटेल माझा… देवळाचाच. उद्यापासून दीपिका येणार रोज, बोईसरच्या व्यसनमुक्ती केंद्राची. आपल्या पाम गावच्या पोरांना गोळी इथंच, तिच्या डोळ्यांसमोर, जिभेखाली…

तुझे तात्या? ते कसले ऐकतात! देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष ना. सकाळच्या सभेत उभे राहिले नि म्हणाले, ‘एक नशा सोडवायला दुसरी? ती पण देवीच्या दारात? नाय जमायचं.’… हो, नीलेशचं नावही काढलं. ‘माज्या पोरानं नारळावर हात ठेवून शब्द दिला नि मोडला. त्याला मी घरात घेतला नाय, तर गावाच्या पोरांना हॉल कसा उघडू?’… अगं, सगळ्यांसमोर. मान खाली होती, पण आवाज तोच, पंचायतीच्या भोंग्यासारखा.

ऐक ना. मग गोजराबाई उठली… तीच, जिचा लेक काविळीनं गेला. दुसऱ्याची सुई टोचून घेतलेली त्यानं. म्हणाली, ‘तात्या, तवा माज्या पोराला कोनी नवी सुई दिली असती ना, तर मी त्या माणसाच्या नावानं देवीची ओटी भरली असती.’… हो ना.

मग मी… हो, मी! हसू नकोस. कुणीतरी माइक हातात कोंबला, तो कुईं करून ओरडला. म्हटलं, ‘तात्या, लग्नानंतरच्या पहिल्या हरतालिकेला मी निर्जळी धरली नि विहिरीवर चक्कर येऊन पडले. तुमच्या आईनं काय केलं? व्रत मोडलं म्हणून बाहेर काढलं? शहाळं फोडलं, मांडीवर घेऊन पाजलं. म्हणाल्या, निर्जळी झेपत नाही तर पाण्यावर धर. पुढचं पुढं बघू, आधी उठून बस.’… नाही गं, तात्यांना आठवत होतं. शहाळं उतरवायला माडावर तेच चढले होते!

म्हटलं, ‘नीलेशला आपण पहिल्याच दिवशी निर्जळी धरायला लावली. तो पडला. शब्द मोडला म्हणून देवीला घाबरला, तुम्हाला घाबरला, नि लपून वाटेल त्याची सुई घेत राहिला. आता रोजची गोळी आहे. अंग मोडत नाही, तलफ येत नाही, दंडावरची जखम भरली, गॅरेजवर कामाला जातो. ही नशा असेल तर मला पाजलेलं पाणी पण पापच.’… हो, असंच म्हटलं. आवाज नाही चढवला.

काय?… कधी सुटणार गोळी? मीही तेच विचारलं होतं दीपिकाला. म्हणाली, ‘माई, त्याचं त्याला नि डॉक्टरांना ठरवू दे. तो जिवंत आहे, तोवर सगळं जमेल.’

अगं, खरी गंमत पुढंच. पूजेचा नारळ समोर होताच. मीच हात ठेवला. म्हटलं, ‘पोरांकडून पुष्कळ शपथा घेतल्या, आता आपण घेऊ. पोरगा पुन्हा पडला तरी दार लावणार नाही.’… रांग लागली, किंजल! गोजराबाई, शेजारची रूपल, तिची सासूसुद्धा. आरती उरकल्यावर म्हातारा पुंजाराम धोतर सावरत धावत आला, ‘आमी राहिलो, आमी राहिलो!’ प्रसाद संपत आल्यासारखा…

तात्यांनी?… तेच सांगतेय ना. सगळे चहाला गेले, मी ताम्हण उचलायला आत गेले, तर एकटे उभे. नारळावर हात. मला बघून चटकन काढला. हॉलची किल्ली माझ्यापुढं ठेवली नि गेले.

नाही, नीलेशला अजून कळलेलं नाही. वाणगावलाच आहे, गॅरेजमागच्या खोलीत. मी म्हटलं दुपारी फोन… थांब हं. थांब जरा…

काही नाही गं. तुझे तात्या. फाटकातून बाहेर पडलेत. इस्त्रीचा शर्ट… नाही, ट्रस्टच्या कामाला नाही, तिकडं देऊळ आहे, हे नाक्याकडे चाललेत. हातात डबा आहे… जेवून निघालेत गं, आत्ताच हात धुताना पाहिलं मी!

रिक्षा थांबवली… ‘टेशन’ म्हणाले, ऐकू आलं… वाणगावची गाडी असेल ना आता?… हाक मारू? नको, नको. विचारलं तर परत फिरतील, ओळखते मी त्यांना.

रडू नकोस… किंजल, ऐक. नीलेशला फोन करू नकोस आत्ता. तात्यांना पोचू दे आधी… हो बाळा. बसले बघ. ठेव आता, ठेव.