दोन हजार पाचशे एकवीस चिंचोके

फसली सन तेराशे एकवीस, पौष महिना, ज्वारी हुरड्यात — तवापासून ह्या डोक्याला पागोटं न्हाई. पुसलंत म्हणून सांगतो. परळीची वाट लांब हाय, टेका घटकाभर. चौसाळ्याचे विठ्ठलराव ठाऊक हायत? न्हाई? भावाभावांच्या वाटण्या करायचे. ह्याच धर्मापुरीच्या देवळात बसून म्हणाले, 'माझ्या हातानं सारखी वाटली जाणार न्हाई अशी चीज निजामाच्या मुलखात न्हाई.' मी म्हणालो, हाय. दोन हजार पाचशे एकवीस चिंचोके आणतो. दोन ओळी करा, सात करा, पन्नास करा — सारख्या आल्या तर पागोटं तुमच्या पायाशी, जन्मभर बोडका राहीन.

अंदाजानं न्हाई बोललो. शाळेत चार महिने गेलतो, तेवढंच. पण चार हिवाळे खळ्यावर चिंचोके मांडलेत — मी अन् धुळाजी, माझा लहानपणापासूनचा गडी, एका भाकरीचे दोघं आमी. दोन ओळी केल्या, एक उरतो. तीन केल्या, एक. चार, पाच, थेट दहापर्यंत — एकच उरतो, लई हट्टी. अकराला दोन उरतात, तेराला बारा. असं पन्नासापर्यंत. पुढं कावून न्हाई? पुढं ओळी वाढल्या की ओळीतले दाणे पन्नासाच्या आत येतात — म्हणजे आधीचीच मांडणी, उभ्याची आडवी. हे — हे धुळाजीला सुचलं. मला न्हाई. पण लोक 'गहिनीनाथाचा आकडा' म्हणायचे, अन् मी... म्हणू दिलं. ते राहू द्या.

तर पोतं धुळाजीच्या खांद्यावर आलं. विठ्ठलरावांनी सात ओळी घातल्या — काही उरलं न्हाई. नऊ घातल्या — काही न्हाई. 'काय गहिनीनाथ, आकड्यानं शेपूट घातलं की तुमच्या?' सारं देऊळ हसलं. मोजणी माझी, म्हणून कुणी मोजलंच न्हाई. मला मोजायची गरज न्हवती. एक दाणा काढला की तोच आकडा दोनापासून दहापर्यंत सगळ्यांना निमूट वाटला जातो — हे मुलखात दोघांनाच ठाऊक. मी धुळाजीकडं पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. मूठ मिटलेली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर विसरलो असतो.

बोललो कावून न्हाई? 'मोजा' एवढं म्हणलं असतं तरी पागोटं राहिलं असतं. पोतं आणणारा तिथंच उघडा पडला असता. मग कुणीतरी पुसलं असतं, का केलंस बे — अन् त्यानं सांगितलं असतं, आकडा कुणाचा ते. भ्यालो न्हाई मी, तसं समजू नका. पागोटं सोडलं, विठ्ठलरावांच्या पायाशी ठेवलं, घरी आलो. धुळाजी दारावरून जातो. मी बोलत न्हाई, तोही न्हाई.

उठा आता, ऊन कलतंय. त्याचं माझ्याकडं देणं होतं. फिटलं.