प्रेसचा सेन्सर गेला तेव्हा

चाकणहून सांगवीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एकाच कंपनीच्या गणवेशातली दोघं बसली होती. सुमनताई प्रेस चालवायच्या, म्हणजे वरून येणाऱ्या जड डायखाली, साच्याखाली, पत्रा ठेवून आकार द्यायच्या; सुजित मशीन दुरुस्त करणारा फिटर होता.

"दिवसभर मशीन बंद ठेवलंस, सुजित. सगळी लाइन तुझ्या नावानं बोंबलत होती."

"सेन्सर गेल्यात जमा आहे, ताई. अगदी चिकटलेलंच लोखंड कळतं त्याला. नवा येईपर्यंत बंदच ठेवायला हवं."

"साहेब म्हणत होते, त्याच्यासमोर लोखंडाचा तुकडा चिकटव, की चालू होईल."

"होईल ना. एरवी डाय वर गेली की सेन्सरला तिचं लोखंड कळतं, मगच हात अडवणारी जाळी उघडते. तुकडा चिकटवला, तर डाय खाली येतानाही त्याला वाटणार, ती वरच आहे."

"आन् जाळी उघडी ऱ्हाणार."

"हो."

"आत हात माझा असतो."

"म्हणून तर नाही म्हणालो. उद्यापासून मला स्टोअरला टाकलंय."

"मग माझ्या मशीनवर फिटर कोण?"

"निमिष."

"तो न्हाई म्हणंल का?"

"काय सांगू, ताई. आत्ताच लागलाय तो."

बस मोशीच्या सिग्नलला बराच वेळ थांबली.

"दमलेय रे, डोकं चालत न्हाई. तरी तो सेन्सर नेमका कुठं बसवलाय, ते मला नीट समजावून सांग. उद्या हात घालायच्या आधी तिथं तुकडा लावलाय का, मीच वाकून बघंन."