रद्द केलेले तारे

सून: बाबा, हे काय? झाकण लावूनच फोटो काढलेत तुम्ही! एक नाही, चाळीस. सगळे काळे कुळकुळीत.

सासरे: असू दे. ते मुद्दाम काढलेत.

सून: अंधाराचे फोटो? मुद्दाम?

सासरे: अगं, कॅमेऱ्याची स्वतःची एक खोट असते. समोर काही नसलं तरी ठिपके मारतो. म्हणून आधी झाकण लावून त्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्या पदरचं काय आहे ते दाखव. मग तेवढं खऱ्या फोटोतून वजा करायचं. उरेल ते आकाशाचं.

सून: छान आहे की. आधी आपली खोट काढा, मग दुसऱ्याकडे बघा.

सासरे: तू ती वायर गुंडाळ आधी. पाच वाजता मास्तर येतील दुर्बीण न्यायला.

सून: येऊ देत, अजून अर्धा तास आहे. कॉम्प्युटरवरचा हा ‘रद्द’ नावाचा कप्पा केवढा फुगलाय! दोन हजार फोटो?

सासरे: सव्वादोन हजार. मागच्या अंगणात चार महिने केलेली हमाली.

सून: आणि सगळेच रद्द?

सासरे: सगळेच पुसट. बत्तीस वर्षं एक्स-रे काढलेत मी. पुसट फोटो डॉक्टरपुढे ठेवायचा नाही, रद्द करायचा आणि परत काढायचा. हाताला तेच वळण.

सून: पण आहे तरी काय हे? धूर?

सासरे: तेजोमेघ. वायू आणि धूळ. मृगातल्या बाणाच्या जरा खाली. नुसत्या डोळ्यांना बोटाने पुसल्यासारखा डाग दिसतो, रंगबिंग काही नाही. पण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोनशे फोटो एकावर एक रचले, की गुलाबी होत जातो. नवे तारे जन्मतात त्यात. तिथला उजेड इथे पोचायला तेराशे वर्षं लागतात.

सून: तेराशे वर्षं चालून आलेल्या पाहुण्याला तुम्ही दारातूनच परत पाठवलंत!

सासरे: पाहुण्याचा दोष नाही गं. आपली काच वाईट. फोकसची मोटर मेली बिघडलीय. दोनदा मेकॅनिककडे नेली, तो म्हणतो ठणठणीत आहे. त्याला काय कळतंय डोंबल! म्हणून म्हटलं, विकून मोकळं व्हावं. रोज उठून जिवाला घोर नको.

सून: रागावणार नसाल तर एक सांगते.

सासरे: म्हणजे रागावण्यासारखंच आहे.

सून: काल यातला एक फोटो मी छापखान्यात नेला होता. तुमचा मुलगा म्हणाला, दुर्बीण जाणार, बाबांना आठवण म्हणून छापून आण.

सासरे: रद्द केलेला फोटो? चारचौघांत लाज काढलीस माझी!

सून: ऐका तर. कागद बाहेर आला, सवयीने भिंग लावलं. माझं कामच ते. चार रंग एकावर एक नीट बसले की नाही बघायचं. केसभर सरकले तर जाहिरातीतल्या बाईला चार ओठ दिसतात. आणि तुमचा हा फोटो, बाबा! एकेक तारा सुईच्या टोकासारखा. मला वाटलं, भलताच फोटो उचलला मी.

सासरे: भलताच असणार. कुठला होता?

सून: हा बघा. पाच सेकंदांचा.

सासरे: हा होय! मधला भाग फार झगझगीत असतो, म्हणून त्याचे असे छोटे वेगळे काढतो. पण यात काहीच नाही. एक गोळा आहे, धुक्यातल्या दिव्यासारखा.

सून: गोळा कुठला? चार तारे आहेत. सुटे सुटे.

सासरे: किती म्हणालीस?

सून: चार. एक ठळक, तीन जरा लहान. वाकड्या चौकोनात बसलेत.

सासरे: तुला कोणी सांगितलं? माझं पुस्तक वाचलंस?

सून: तुमचं पुस्तक वाचायला मला वेळ कुठे? मोजले मी.

सासरे: अगं, चारच असतात तिथे. त्या चौघांसाठी तर जीव टाकतोय मी चार महिने. एकदाही सुटे दिसले नाहीत. आण, आण ते भिंग.

सून: हे घ्या भिंग, हा कागद. खिडकीशी या, उजेडात.

सासरे: छे. तुझं भिंग खराब आहे.

सून: दुर्बीण खराब, मोटर खराब, आता भिंगही खराब! रोज सकाळी पेपर उघडून म्हणता, सूनबाई, तुमची छपाई पार बिघडली. त्यापायी मी आठ दिवस शाईवाल्याशी भांडले.

सासरे: बिघडलीच आहे मुळी.

सून: रात्री रस्त्यावरच्या दिव्याभोवती कडं दिसतं का तुम्हाला?

सासरे: सगळ्यांनाच दिसतं.

सून: मला नाही दिसत, बाबा.

सासरे: कधीच नाही?

सून: कधीच नाही.

सासरे: मोतीबिंदू, असं म्हणायचंय तुला.

सून: ते डॉक्टर सांगतील. आणि असला तर काढतात की. हल्ली त्याच दिवशी घरी सोडतात.

सासरे: चाळीस फोटो काढले गं मी, झाकण लावून. कॅमेऱ्याची खोट शोधायला. स्वतःची काही शोधली नाही.

(दारावरची बेल वाजते.)

सून: मास्तर आले वाटतं. काय सांगू?

सासरे: सांग, दुर्बीण उत्तम आहे, मालक दुरुस्तीला टाकायचाय. आणि चहा विचार. बिचारे उन्हातून आलेत.

सून: ...गेले. चहा नको म्हणाले. हसत होते. चार तारे दिसले की मलाही बोलवा म्हणाले. चांगलं झालं ना?

सासरे: रिटायर होण्याआधीच्या महिन्यात एक म्हातारी आली होती. कंबर धरून. चार वेळा उभं केलं मी तिला. प्रत्येक वेळी फोटो पुसट. ओरडलो तिच्यावर. म्हटलं, आजी, हलू नका म्हणतो ना! ती म्हणाली, मी हलले नाही हो.

सून: तुम्हाला कुठे माहीत होतं, बाबा?

सासरे: तिला माहीत होतं ना. दवाखान्याच्या रजिस्टरात पत्ता असेल का गं तिचा?

सून: असेल. उद्या तिथेच डोळे दाखवायला जाऊ, तेव्हा विचारू. पण भेटून सांगणार काय?

सासरे: एवढंच सांगेन, आजी, तुम्ही हलला नव्हतात.